गुमास्ता, गल्ला आणि एकहाती वही

महाराष्ट्रात दुकान काढायचे तर नोंदणीचा जो दाखला घ्यावा लागतो त्याला बोलीत 'गुमास्ता' म्हणतात. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कोणत्याही पेठेत गल्ल्यामागच्या भिंतीवर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी चौकटीत बसवलेला हा कागद दिसतो. शब्द फारसी आहे. नेमलेला, दुसऱ्याच्या वतीने व्यवहार पाहणारा माणूस, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे दुकानाच्या कायदेशीर अस्तित्वाला लोकांनी नाव दिले ते नोकराचे. त्याच दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या हाडामांसाच्या गुमास्त्याच्या नावाचा मात्र एकही कागद बहुधा सापडत नाही. नेमणुकीचे पत्र नाही, हजेरीपुस्तक नाही, पगाराची पावती नाही. त्याने किती उचल घेतली ते मालकाच्या खिशातल्या डायरीत लिहिलेले असते आणि ती डायरी मालकाखेरीज कोणी पाहिलेली नसते. अशा ठिकाणी जेव्हा 'नोकर बेइमान निघाला, आता त्याचे काय करायचे?' असा प्रश्न येतो, तेव्हा आम्हांला त्याच्या आधीचा प्रश्न विचारावासा वाटतो. ही बेइमानी मोजली कोणत्या वहीत?

साहित्यचर्चेच्या पानावर हा दुकानदारीचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. आमच्यापैकी काही जण याच जिल्ह्यात मराठी शिकवतात. सकाळी वर्गात बसणारी मुले दुपारनंतर कृषी केंद्रात, कापडाच्या दुकानात, हार्डवेअरमध्ये, मेडिकलमध्ये उभी असतात. ज्याच्याविषयी हा वाद आहे तो 'नोकर' आमच्याच हजेरीपटावर आहे. शिवाय इमान, विश्वास, चोरी या शब्दांना अर्थाचे जे वळण मिळाले आहे ते केवळ बाजारात मिळालेले नाही. ते म्हणींनी, कथांनी आणि त्या कथा शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनीही दिलेले आहे. तेव्हा हा विषय आमच्या अंगणातला आहे.

मराठीने या बाबतीत शब्दांची चणचण ठेवलेली नाही. नमकहराम आहे, हरामखोर आहे, कामचोर आहे, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा आहे, खाल्ल्या मिठाला न जागणारा आहे. हे सारे शब्द वरून खाली पडतात. ज्याने मीठ खाल्ले त्याच्यासाठी शिव्यांचे भांडार आहे. ज्याने ते मोजूनमापून, आणि पुष्कळदा दोन-दोन महिने थकवून, दिले त्याच्यासाठी रूढ असा एकही शब्द आम्हांला आठवत नाही. 'कामचोर' सगळ्यांच्या तोंडी आहे, 'पगारचोर' कोणी म्हणत नाही. इंग्रजीत 'वेज थेफ्ट' हा शब्दप्रयोग रूढ झाला. आपल्याकडे त्याला 'पगार बुडवणे' म्हणतात, आणि बुडणे ही क्रिया पावसाळ्यात पूल बुडावा तशी आपोआप घडल्यासारखी वाटते. मिठाची कल्पनाही जरा पारखून घेण्यासारखी आहे. पगार हा श्रमाचा मोबदला मानला तर महिनाअखेर देणेघेणे पुरे होते. पगार हे मीठ मानले की ते ऋण होते, आणि ऋण जन्मभर फिटत नाही. ज्या संबंधात एक बाजू कायमची ऋणको, त्या संबंधातल्या प्रत्येक तुटीला विश्वासघात हेच नाव मिळणार. 'कुंपणच शेत खाते' ही म्हणही तशीच. तिच्यात कुंपण दिसते, शेत दिसते, धनी कुठेच दिसत नाही. कुंपण कशाचे घातले, ते किती वर्षे डागडुजीवाचून उभे होते, हे विचारण्याची सोय त्या म्हणीत नाही.

मिठावरून प्रेमचंदांची 'नमक का दारोगा' ही कथा आठवणे अपरिहार्य आहे. हिंदीच्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या ती वाचली गेली आणि तिचे तात्पर्यही ठरून गेले: प्रामाणिकपणाचा अखेर विजय होतो. कथा काय सांगते? चोरटे मीठ नेणाऱ्या पंडित अलोपीदीनला वंशीधर पकडतो, प्रचंड लाच नाकारतो. न्यायालय सावकाराला सोडते आणि वंशीधरची नोकरी जाते. मग अलोपीदीन स्वतः त्याच्या दारी येतो आणि आपल्या साऱ्या मालमत्तेचा कायमचा कारभारी म्हणून त्याला नेमतो. वंशीधर कृतज्ञतेने सही करतो. आता या शेवटात विजय कोणाचा? बेइमानीने जमवलेल्या संपत्तीला एक इमानदार राखणदार मिळाला, एवढेच आम्हांला दिसते. अलोपीदीनला प्रामाणिक माणूस हवा होता तो सरकारी नाक्यावर नव्हे, आपल्या गल्ल्यावर. मालकाचा अप्रामाणिकपणा आणि नोकराचा प्रामाणिकपणा एकत्र सुखाने नांदू शकतात, नव्हे, पहिल्याला दुसऱ्याची नितांत गरज असते, हे प्रेमचंदांनी लिहून ठेवले. ते दिसू न देण्याची कामगिरी मार्गदर्शिकांनी पार पाडली.

दुसऱ्या टोकाला जे वाचन आहे तेही आम्हांला मान्य नाही, आणि ते आपल्याच वर्तुळातले असल्यामुळे त्याच्याशी अधिक भांडले पाहिजे. चोरी म्हणजे दुर्बळाचा प्रतिकार, असे ते वाचन. जेम्स स्कॉट यांच्या 'वेपन्स ऑफ द वीक' (1985) या पुस्तकापासून चर्चासत्रांत हा सूर सर्रास लागतो. स्कॉट एका मलेशियन खेड्यातल्या शेतीसंबंधांविषयी लिहीत होते आणि उचलेगिरीबरोबर कामातली टंगळमंगळ, वेड पांघरणे अशा अनेक गोष्टींचा विचार करीत होते. आपल्याकडे त्यातले एक सूत्र तेवढे उचलले गेले. त्याला जोड म्हणून अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' पुढे केली जाते. खाण बंद पडल्यावर भीमा मढी उकरून सोने शोधतो, त्यात बोटे गमावतो, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याचे त्याला कळते ते त्यानंतर. भुकेचे असे दर्शन मराठीत दुर्मीळ आहे. पण भीमा कोणा जिवंत माणसाचे काही घेत नाही, आणि अण्णा भाऊ त्याच्या कृत्याला बंडाची झूलही चढवत नाहीत. तीन नोकरांच्या दुकानात गल्ल्यातून पाचशे रुपये गेले तर काय होते ते पाहा. संशय तिघांवर येतो. तिघांपैकी ज्याची जात खालची, गाव लांबचे, पाठीशी बोलणारे कोणी नाही, त्याच्यावर तो स्थिरावतो. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण दुकानात रोज खरी होते. ज्याला आपण प्रतिकार म्हणून गौरवतो त्याची किंमत मालकाच्या आधी शेजारी उभा असलेला दुसरा नोकर मोजतो. चोरीला चोरीच म्हटले पाहिजे, निदान त्या दुसऱ्या नोकरासाठी.

चोरी म्हटल्यावर कायदा आला. 1860 च्या भारतीय दंड संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती (कलम 379). नोकराने मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची चोरी केली तर सात वर्षांपर्यंत (कलम 381). 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे 303 आणि 306 झाले, नोकरासाठीची सात वर्षे तशीच राहिली. चोरीच्या व्याख्येखाली जी उदाहरणे आहेत त्यांत धन्याची चांदीची भांडी सांभाळायला दिलेला नोकर ती घेऊन पळतो, असे एक आहे. मेकॉलेच्या काळच्या साहेबी घरातला हा नोकर दीडशेहून अधिक वर्षे आपल्या कायद्याच्या पुस्तकातून पळतोच आहे. अधिक शिक्षेमागचे कारण उघड आहे: विश्वास मोडला. बरे, विश्वास मोडणे हेच गुन्हा वाढवणारे असेल तर महिनाभर राबवून पगार न देणाऱ्या धन्याने काय मोडले? 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने त्यासाठी पहिल्या वेळी फक्त दंड ठेवला होता. 2019 च्या वेतन संहितेतही पहिल्या वेळी पन्नास हजारांपर्यंत दंडच आहे. कैदेची शक्यता येते ती पाच वर्षांच्या आत पुन्हा तेच केले तर, आणि तीही तीन महिन्यांपर्यंत. सात वर्षे एकीकडे, दंडाची पावती दुसरीकडे. मिठाची म्हण कायद्याच्या भाषेत अशी उतरली आहे.

वर्ध्यात बसून हा विषय काढायचा आणि गांधींना टाळायचे, हे शक्य नाही. येथे अप्रामाणिकपणाची चर्चा निघाली की कोणीतरी अस्तेयव्रताचा दाखला देतोच: गरजेपेक्षा अधिक घेणे ही चोरीच. विचार थोर आहे. पण दुकानात तो फार सोयीस्कर ठरतो. सगळेच थोडेफार चोर, असे एकदा म्हटले की सगळ्यांनी हात जोडायचे आणि पोलीस ठाण्यात एकट्या नोकराने जायचे. व्रतापेक्षा गांधींनी प्रत्यक्ष काय केले ते पाहणे अधिक उद्बोधक आहे, आणि तिथे आमची तक्रार आहे.

आत्मकथेच्या चौथ्या भागात पारसी रुस्तमजींची हकीकत आहे. डर्बनचे हे मोठे व्यापारी जकात चुकवून माल आणत. चोरी उघडकीस आली तेव्हा ते गांधींकडे धावले. गांधींनी कबुलीचा सल्ला दिला, अधिकाऱ्यांशी बोलणी केली, आणि कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट भरून प्रकरण मिटले. रुस्तमजींनी सारी हकीकत लिहून काढली, चौकटीत बसवली आणि आपल्या कचेरीत लावली. सुंदर गोष्ट आहे, आम्ही ती उपहासाने सांगत नाही. आता 1929 सालाकडे या. 7 एप्रिलच्या 'नवजीवन'मध्ये गांधींनी साबरमतीच्या आश्रमातले प्रकार नावांनिशी प्रसिद्ध केले. पुतण्याच्या नात्याचे, आफ्रिकेपासूनचे सोबती छगनलाल यांच्या लहानसहान चोऱ्या, आणि कस्तुरबांनी कोणी परक्याने दिलेले चार रुपये कार्यालयात जमा न करता जवळ ठेवले, हा दोष. चार रुपये! ज्या बाईला पगार नव्हता, जिच्या नावाचे खाते नव्हते, जिने किती वर्षे किती माणसांचे रांधले याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती, तिच्या चार रुपयांची नोंद मात्र साप्ताहिकात छापली गेली. रुस्तमजींनी आपली कबुली स्वतः लिहिली आणि स्वतःच्या हाताने खिळ्याला टांगली. कस्तुरबांची कबुली दुसऱ्याने लिहिली. गांधी स्वतःलाही त्या लेखात सोडत नाहीत, आपल्याच अपुरेपणाचे हे फळ असे मानतात, हे खरे. पण आत्मताडन करण्याचा अधिकारही लिहिणाऱ्याच्याच हाती राहिला. व्यापाऱ्याला तडजोड आणि चौकट, आश्रितांना जाहीर लज्जा. आज नोकराचा फोटो 'यापासून सावध' म्हणून मोबाइलवरच्या व्यापारी गटांत फिरवणारे दुकानदार गांधींचे अनुयायी नसतील, पण नाव जाहीर केले की न्याय झाला, ही समजूत त्यांची आणि आश्रमाची सारखीच आहे.

याच वर्ध्यात दुसरी एक परंपराही आहे आणि तिच्याकडे आमच्या अभ्यासक्रमांचे लक्ष गेलेले नाही. जो. कॉ. कुमारप्पा हे व्यवसायाने हिशेबतपासनीस. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे आला तेव्हा गांधींच्या सोबत आलेल्या मंडळींचा खर्च निधीतून देण्यास त्यांनी नकार दिला. निधी भूकंपग्रस्तांचा आहे, पाहुण्यांचा नाही. गांधींनी ते मान्य केले. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा मगनवाडीत आले. या प्रसंगाकडे शिस्तीचा किस्सा म्हणून पाहू नये. हिशेबाची नजर इथे खालून वर गेली आहे. जो सर्वांत मोठा, त्याच्या जेवणाचा आणि पेट्रोलचा प्रश्न आधी विचारला गेला. आमच्या माहितीतल्या बहुतेक दुकानांत घरच्या माणसांनी गल्ल्यातून उचललेल्या नोटांची नोंद होत नाही. मालकाचा मुलगा पेट्रोलला दोनशे घेऊन जातो, वहिनी भाजीला शंभर नेतात, रात्री मोजणीत तूट येते, आणि काउंटरवरच्या पोराकडे माना वळतात.

गांधींचे उत्तर त्यांच्याच पुढच्या कृतीत शोधायचे तर ते 1935 च्या चरखा संघात सापडते. खादी स्वस्त ठेवायची म्हणून कातणारणीला दिवसाचे काही पैसे मिळत. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत, असे गांधी म्हणू लागले. खादी महागेल, खपणार नाही, भांडारे बंद पडतील, असे विक्रीची जबाबदारी वाहणारे कार्यकर्ते सांगत होते. आठ आण्यांपर्यंत संघ पोचू शकला नाही. पण कातणारीच्या पोटाशी जोडलेला किमान दर ठरला आणि त्याबरोबर सुताच्या दर्जाची तपासणीही आली. गुंडीत 640 तार हवेत म्हणजे 640 हवेत. आम्हांला या क्रमाचे महत्त्व वाटते. तार मोजण्याचा अधिकार संघाने सोडला नाही, फक्त त्याच्या शेजारी मजुरी मोजण्याचे कर्तव्य आणून ठेवले.

वहीच्या एकहातीपणावर महाराष्ट्राने एकदा फार मोठा धडा घेतलेला आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि पुढच्या दिवसांत गावोगाव जे जाळले गेले ते मुख्यतः खतपत्रे आणि वह्या. वहीत काय लिहिले आहे हे कुळाला कळत नव्हते. वही मात्र त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती. 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा अनेक बाबतींत तोकडा पडला, पण त्यात एक शहाणपणाची गोष्ट होती. फेडलेल्या पैशाची लेखी पावती, दरवर्षी हिशेबाचा उतारा आणि मागणी केल्यास पासबुक, हा कुळाचा हक्क ठरला. कर्ज खरे की खोटे या वादाआधी हिशेबाची दुसरी प्रत दुसऱ्या पक्षाच्या हातात असली पाहिजे, हे तत्त्व त्यात होते. दुकानातला नोकर अजून 1879 च्या अलीकडे आलेला नाही. उलट महाराष्ट्रात 1948 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षभर नोकरी झालेल्याला काढताना तीस दिवसांची लेखी नोटीस सक्तीची केली होती. 2017 च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने बहुतेक तरतुदींतून वगळली. म्हणजे आमचे विद्यार्थी जिथे काम करतात ती जवळजवळ सगळी.

परिणाम कसा होतो त्याचे एकच उदाहरण देतो. आमच्या एका द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यावर तालुक्याच्या गावी, ज्या दुकानात तो दोन वर्षे होता तिथे, बियाण्याची पाकिटे विकून पैसे गल्ल्यात न टाकल्याचा आरोप झाला. त्याने ती विकली असतील. आम्ही त्याचे वकीलपत्र घेतलेले नाही. किती पाकिटे, कोणत्या तारखेला, साठ्याच्या रजिस्टरात किती होती, याचे उत्तर कोणी दिले नाही. खरिपाच्या तोंडावर दिवसाला शे-दीडशे गिऱ्हाईक होत असताना अर्धी विक्री बिलाशिवाय चालली होती, आणि ती पद्धत पोराने पाडलेली नव्हती. दोन महिन्यांचा पगार ठेवून घेतला गेला, बापाला बोलावून चार माणसांत उभे केले गेले, आणि पुढे पेठेतल्या कोणत्याच दुकानात त्याला काम मिळाले नाही. परीक्षेचा अर्ज त्याने भरला नाही. चोरीची शिक्षा सात वर्षे असेल. इथे फिर्यादही झाली नाही, म्हणून शिक्षेला मुदतही राहिली नाही.

लहान दुकानदाराची बाजू आम्हांला ठाऊक नाही असे नाही. कृषी केंद्रवाला कंपनीचा माल उधारीवर घेतो, कास्तकाराला उधारीवर देतो, कापूस घरात येईपर्यंत थांबतो, आणि पाऊस गेला की दोन्हीकडून अडकतो. त्याच्या नफ्यातून महिन्याला दोन-तीन हजार गळले तर ते त्याच्या घरातले तेलमीठ असते. गिरणीमालकाविरुद्ध लिहिलेली भाषा त्याच्यावर फेकणे हा आळस आहे. चोरी करणाऱ्या नोकराला कामावरून काढण्याचा त्याचा हक्क आम्ही निःसंदिग्धपणे मानतो, फिर्याद देण्याचाही. नाकारतो तो एवढाच, की आरोप त्याने करायचा, पुरावा त्याच्या खिशात, निवाडा त्याचा, आणि वसुली थकलेल्या पगारातून. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत यातले बरेचसे लिहिलेले आहे: तुटीची रक्कम पगारातून कापण्याआधी नोकराला खुलाशाची संधी, कपात नुकसानीपेक्षा अधिक नाही, दंड पगाराच्या तीन टक्क्यांपलीकडे नाही, आणि काढून टाकलेल्याचेही उरलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत हातात. कारखान्याच्या कामगारासाठी यातल्या बऱ्याच गोष्टी 1936 पासूनच होत्या.

यावर आक्षेप ठरलेला आहे. एवढी कागदपत्रे लहान दुकानाला झेपत नाहीत, चार नोकरांसाठी मुनीम ठेवायचा काय? आम्ही त्याच दुकानातली उधारीची वही पाहिलेली आहे. लाल कापडी बांधणीची, गावनिहाय पाने, प्रत्येक कास्तकाराचे नाव, बापाचे नाव, किती खताच्या गोण्या, कोणत्या तारखेला, जमा किती, बाकी किती. जूनपासून दिवाळीपर्यंत तीनशे माणसांचा पैन् पै हिशेब तीत असतो आणि त्यात चूक सापडत नाही. त्या वहीच्या शेवटी चार पाने कोरी असतात. प्रत्येक नोकराला एक पान, त्यावर हजेरी, पगार, उचल, आणि महिनाअखेर दोघांच्या सह्या. त्याच पानाची नक्कल नोकराच्या खिशात.